गाडीचे वय तासांत मोजा

पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या माणसाला इंजिन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९६०च्या दशकात टेल्को पिंपरीत आणि बजाज आकुर्डीत आली. १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या मोटारींची भारतातली जुळणी पिंपरीतच सुरू झाली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे, तर २०१० मध्ये महिंद्राचा असे कारखाने चाकण परिसरात उभे राहिले. त्यांच्याभोवती कास्टिंग, पिस्टन, गॅस्केट, फिल्टर आणि बेअरिंग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाट वस्ती झाली. इथल्या असंख्य घरांतला एक तरी माणूस गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर रोज काम करतो. तरीही याच घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांची देखभाल एकाच आकड्यावर चालते. मीटरवर दहा हजार किलोमीटर वाढले की सर्व्हिसिंग, तोपर्यंत बॉनेट उघडायचे कारण नाही. यामागे निष्काळजीपणा असतोच असे नाही. बहुतेक जण पुस्तिकेत लिहिलेला आकडा प्रामाणिकपणे पाळत असतात. अडचण मापाची आहे. गाडी किती लांब गेली हे किलोमीटर सांगतात, इंजिन किती वेळ राबले हे सांगत नाहीत. पुणे-नाशिक महामार्गावर आणि चाकणच्या चौकांमध्ये या दोन गोष्टींची इतकी फारकत झाली आहे की, या पट्ट्यात गाडी वापरणाऱ्याने इंजिन ऑइलचा हिशेब तासांत मांडायला हवा.

हिशेब सोपा आहे. ताशी सरासरी ८० किलोमीटरने महामार्गावर धावणारी गाडी १०,००० किलोमीटर १२५ तासांत पुरे करते. शहर आणि महामार्ग असा मिश्र वापर असेल, सरासरी ४० पडत असेल, तर २५० तास लागतात. आता मोशी ओलांडून सकाळच्या पाळीला चाकणला निघालेली गाडी घ्या. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात ट्रेलर, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमागे रांगेत उभे राहावे लागले की जाण्यायेण्याची सरासरी ताशी १५ किलोमीटरवर यायला वेळ लागत नाही. या वेगाने तेच १०,००० किलोमीटर व्हायला सुमारे ६६७ तास लागतात. मीटरवर दोन्ही गाड्यांचे वय सारखे दिसते. प्रत्यक्षात एकीचे इंजिन दुसरीपेक्षा पाचपटीहून अधिक वेळ चाललेले असते. दोघींच्या ऑइलला एकच मुदत लावणे म्हणजे एका कामगाराला आठ तासांच्या पाळीवर आणि दुसऱ्याला सलग चाळीस तासांच्या पाळीवर ठेवून दोघांची दमणूक सारखीच आहे असे म्हणणे.

आपल्या रस्त्यांवर वेग किती कमी असतो, हे पुण्यातल्याच एका संस्थेने फार पूर्वी कागदावर आणले आहे. वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. वाहनांच्या धुराची आणि इंधनवापराची चाचणी घेण्यासाठी तिने भारतीय रस्त्यांवरच्या वाहतुकीचा अभ्यास करून ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ आखली. त्यातले एक आवर्तन १०८ सेकंदांचे असते, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग सुमारे २२. म्हणजे थांबत, सुटत, पुन्हा थांबत चालणे हाच आपल्या शहरातला नेहमीचा प्रवास आहे, हे चाचणीच्या तक्त्यातच मान्य केलेले होते. मोटारींसाठी पुढे युरोपीय चक्राची सुधारित आवृत्ती आली, तेव्हाही मूळचा ताशी १२० हा कमाल वेग आपल्याकडे ९० वर आणावा लागला. ताशी २२ या सरासरीने १०,००० किलोमीटरचे साडेचारशे तास होतात. चाकणची कोंडी बाजूला ठेवून केवळ साध्या शहरी वापराचा हा आकडा आहे.

तासांवर ऑइल बदलण्याची रीत या पट्ट्याला नवी नाही. एमआयडीसीतल्या कोणत्याही कारखान्याच्या मागच्या बाजूला डिझेल जनरेटर असतो आणि त्याच्या पॅनेलवर आवर मीटर असते. मेन्टेनन्सची माणसे त्याच्या ‘बी-चेक’ची तारीख त्या मीटरवरून ठरवतात, ठरलेले तास भरले किंवा ठरलेले महिने उलटले, यातले जे आधी घडेल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलले जातात. कॉम्प्रेसरचे तसेच, जेसीबीचे तसेच. मावळ-खेडमधल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही तासांवरच सर्व्हिसिंगला येतो; साधारण २५० तासांवर ऑइल बदलणे ही त्याची नेहमीची मुदत. जनरेटर जागचा हलत नाही, ट्रॅक्टर दिवसभर एकाच वावरात फिरतो, म्हणून त्यांना किलोमीटर लावणे कुणाच्या डोक्यातही येत नाही. कोंडीत अडकलेली मोटार त्यांच्याच जातीची असते. तिचे इंजिन चालू असते आणि चाके थांबलेली असतात. फरक एवढाच की तिला आवर मीटर दिसत नाही, म्हणून ते तास कुणी मोजत नाही.

हे तास ऑइलला इतके जड का जातात, हे कळण्यासाठी ऑइलची कामे पाहावी लागतात. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये काही मायक्रॉन जाडीचा थर धरून धातूला धातू घासू न देणे हे पहिले काम. पिस्टनखालची उष्णता वाहून नेणे हे दुसरे. जळणातून येणारी काजळी अंगात तरंगत ठेवणे, म्हणजे ती कुठे साचून गाळ होऊ नये, हे तिसरे. त्याच जळणातून तयार होणारी आम्ले मारणे हे चौथे. शेवटची दोन कामे मूळ तेल करत नाही. त्यात मिसळलेली रसायने करतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची संयुगे आम्ल मारता मारता स्वतः संपत जातात. झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग उष्णतेने आणि वापराने खर्ची पडते. म्हणून ऑइल जुने होते म्हणजे ते पातळ किंवा काळे होते एवढेच नसते. त्यातली राखीव रसद संपते. ही रसद किलोमीटर पाहून संपत नाही. किती इंधन जळले, ते किती अर्धवट जळले आणि ऑइल किती वेळ गरम राहिले, यावर ती संपते. ऑइलचा रंगही यात दिशाभूल करतो. डिझेल गाडीत नवे ऑइल काही दिवसांतच काळे पडते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ते बराच काळ सोनेरी दिसते आणि आतून थकलेले असू शकते. डिपस्टिक पुसून रंग पाहणे हा ऑइल बदलण्याचा निकष होऊ शकत नाही.

पेट्रोल गाडीच्या बाबतीत सगळ्यात वाईट वापर म्हणजे जवळचा. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. पण इंजिन थंड असताना त्यातले काही पिस्टन रिंगच्या फटीतून खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. थंड इंजिनाला इंधनही जास्त दिले जाते, त्यातले न जळलेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खालीच जातात. इंजिन पुरेसे तापून अर्धा-पाऊण तास वेगात चालले, तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. इंद्रायणीनगरहून भोसरी एमआयडीसीत किंवा निगडीहून आकुर्डीला जाणाऱ्याची गाडी तिथवर पोहोचतच नाही. काटा मध्यावर आला म्हणून इंजिन तापले असे वाटते, परंतु तो काटा कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत अशा गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट, चिकट थर दिसू लागतो. तो आतल्या पाण्याचा पुरावा आहे. महिन्याला दोनशे किलोमीटर चालणारी गाडी ‘काहीच चालत नाही’ म्हणून दोन-दोन वर्षे ऑइल न बदलता ठेवली जाते, आणि खरे तर तिच्याच ऑइलचे हाल सर्वांत जास्त झालेले असतात. पुस्तिकेत किलोमीटरसोबत ‘किंवा एक वर्ष’ लिहिलेले असते ते याचसाठी.

डिझेल गाडीची तऱ्हा वेगळी आणि आज अधिक गंभीर आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याला डीपीएफ म्हणतात. तो भरत आला की गाडीचा संगणक जास्तीचे डिझेल सोडून फिल्टर तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. यासाठी गाडी काही काळ न थांबता, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. चाकणच्या रांगेत ती संधी मिळत नाही. प्रक्रिया सुरू होते, चौक येतो, गाडी थांबते, इंजिन बंद होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दर वेळी सोडलेल्या जास्तीच्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो. अशा गाडीच्या डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून मालक निश्चिंत होतो, आणि आत ऑइल पातळ होऊन बेअरिंगवरचा थर विरळ होत असतो. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये. अशा गाड्यांना कमी राख सोडणारेच ऑइल लागते, कारण ऑइलमधली राख डीपीएफमध्ये कायमची बसते. पुस्तिकेत दिलेले मानक डब्यावर नसेल, तर ब्रँड कितीही नामांकित असला तरी ते ऑइल त्या गाडीचे नाही.

या पट्ट्यातला मोठा कामगारवर्ग मोटारीने नव्हे, मोटारसायकलने पाळीला जातो, आणि तिचे इंजिन याहून जास्त सोसते. तिच्यात साधारण एक लिटरच ऑइल असते, आणि तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते. बहुतेक साध्या मोटारसायकली हवेने थंड होतात. म्हणजे गाडी धावत असेल तर त्या थंड राहतात, आणि मे महिन्याच्या दुपारी डांबरावर रांगेत उभ्या असतील तर तापतच जातात. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे मोटारीचे ऑइल त्यांत घालणेही धोक्याचे. घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरू लागतो. दुचाकीच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ असे लिहिलेले असते ते हा क्लच सांभाळण्यासाठी. यात धुळीची भर पडते. रस्त्यांची कामे, बांधकामे, खडी-वाळूचे डंपर यांमुळे हवेत तरंगणाऱ्या धुळीत वाळूचा अंश असतो आणि तो इंजिनातल्या लोखंडाहून कठीण असतो. एअर फिल्टर तुंबला, फाटला किंवा नीट बसला नाही, तर ही धूळ सिलिंडरमधून ऑइलमध्ये जाते आणि तेच ऑइल सगळ्या इंजिनात घासणारी पेस्ट होऊन फिरते. काही शे रुपयांचा एअर फिल्टर वेळेवर बदलणे हे महागडे ऑइल घालण्याइतकेच मोलाचे आहे.

यावर पहिला आक्षेप रास्तच येईल: गाडी बनवणाऱ्या कंपनीने १०,००० किंवा १५,००० किलोमीटर लिहिले आहे, तिच्या अभियंत्यांपेक्षा आपल्याला जास्त कळते का? कळत नाही, आणि म्हणूनच त्यांनी लिहिलेले पूर्ण वाचायला हवे. बहुतेक पुस्तिकांत देखभालीच्या तक्त्यानंतर एक दुसरा, छोटा तक्ता असतो, ‘खडतर वापर’ अशा मथळ्याचा. त्यात वारंवार जवळचे प्रवास, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, बराच वेळ उभ्या-उभ्या चालू राहणारे इंजिन, धुळीचे रस्ते, कडक उन्हात गर्दीतून प्रवास अशी यादी असते आणि अशा वापराला ऑइलची मुदत कमी करायला सांगितलेले असते. अनेक पुस्तिकांत ती निम्म्यावर येते. ही यादी चाकणच्या रोजच्या प्रवासाशी ताडून पाहिली, तर एखादाच मुद्दा सुटेल. कंपनीचा मोठा आकडा सोप्या वापरासाठी आहे आणि इथला वापर सोपा नाही. तासांचा हिशेब त्यामुळे कंपनीच्या सल्ल्याविरुद्ध जात नाही. तिच्या दोन तक्त्यांपैकी आपला कोणता, हे तो सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे आणि त्यात तथ्य आहे. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेते, महामार्गावर २,००० घेते. मग उभा तास आणि धावता तास सारखे कसे? ते सारखे नाहीतच. म्हणून तासांऐवजी फेरे मोजून पाहू. ताशी ८० ने जाताना २,००० फेरे धरले, तर एका किलोमीटरला १,५०० फेरे होतात. कोंडीत ताशी १५ ची सरासरी आणि कधी उभे, कधी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असे मिळून १,२०० फेरे धरले, तर एका किलोमीटरला ४,८०० होतात. तासांच्या हिशेबात पाचपट दिसणारा फरक फेऱ्यांच्या हिशेबात तिपटीवर आला, पण तिप्पट उरलाच. शिवाय उभ्या इंजिनात ऑइलचा दाब कमी असतो आणि जळणही नीट होत नाही, हे फेऱ्यांत येत नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनी पोलिसांच्या गाड्यांसाठी एक तास उभे चालणे म्हणजे ३३ मैल, सुमारे ५३ किलोमीटर धरायला सांगते. हे माप इथे लावले, तर रोज अर्धा तास चौकात उभी राहणारी गाडी, महिन्याला २५ दिवस धरून, वर्षाला मीटरवर न दिसणारे जवळजवळ ८,००० किलोमीटर चाललेली असते. आणखी एक पुरावा मोटार उद्योगातलाच आहे: जनरल मोटर्सने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑइलचे उरलेले आयुष्य दाखवणारी यंत्रणा आणली, तेव्हा तिचा पाया किलोमीटर नव्हता; इंजिनाचे फेरे आणि ऑइलचे तापमान हा होता.

तिसरे म्हणणे असे की, आता सिंथेटिक ऑइल आले, ते सहज टिकते. सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर खराब होत नाही हे खरे आहे. टर्बो असलेल्या इंजिनात, जिथे टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, तिथे ते हवेच. पण त्यात उतरलेले पेट्रोल, पाणी, काजळी आणि धूळ ही सिंथेटिक पाहून परत जात नाही. मूळ तेल चांगले राहिले तरी त्यातली आम्ल मारणारी रसद संपतेच. याच्या उलट टोकाला ‘आपला देश उष्ण, म्हणून जाड ऑइल घाला’ हा सल्ला असतो आणि तोही टाळावा. ५डब्ल्यू-३० यातला ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणाचा आहे; आणि इंजिन पुण्यात असो की पॅरिसमध्ये, थर्मोस्टॅट त्याला जवळपास एकाच तापमानाला ठेवतो. त्याआधीचा ५डब्ल्यू थंडीत ऑइल किती लवकर वाहते ते सांगतो. आपल्याकडे उणे तापमान नसले तरी सकाळी किल्ली फिरवल्यावर ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोहोचणे इथेही महत्त्वाचे आहे. बारीक फटींसाठी बनवलेल्या नव्या इंजिनात जुन्या सवयीने २०डब्ल्यू-५० घालणे म्हणजे काळजी घेण्याच्या नावाखाली नुकसान करणे.

चौथा संशय सामान्य ग्राहकाच्या मनात खोल रुजलेला आहे: लवकर ऑइल बदला, हे सर्व्हिस सेंटरच्या फायद्याचे बोलणे. हा संशय निराधार नाही. इंजिन फ्लश, ऑइलमध्ये घालायची बाटली, अमुक कोटिंग, तमुक क्लीनिंग असे बिल फुगवणारे पर्याय काउंटरवर सुचवले जातात, आणि पुस्तिकेत नसलेल्या अशा गोष्टींना नाही म्हणण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. पण तासांचा हिशेब त्याच ग्राहकाच्या हातात असतो, विक्रेत्याच्या नव्हे. आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला तोच हिशेब सांगतो की, पुस्तिकेतली पूर्ण मुदत तुला लागू आहे, ५,००० ला ऑइल बदलून पैसे वाया घालवू नकोस. ज्याच्याकडे स्वतःचा आकडा आहे त्याला कुणी घाबरवू शकत नाही. जिथे खरोखर जपायला हवे ते बनावट ऑइलपासून. ऑइल खात्रीच्या ठिकाणी, बिलासह घ्यावे, सील आपल्यासमोर फोडायला लावावे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा. शाबूत डबा पुन्हा भरला जातो.

पर्यावरणाच्या बाजूने येणारा आक्षेप जास्त गंभीर आहे. ऑइल लवकर बदलले तर काढलेले ऑइल वाढेल, आणि या शहरातून पवना वाहते, कडेने इंद्रायणी वाहते. काढलेले ऑइल घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तसे नमूद आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारीही टाकली गेली आहे. नीट गोळा केलेले ऑइल शुद्ध करून पुन्हा ऑइलच बनवता येते. म्हणून ऑइल कुठे बदलले हे महत्त्वाचे आहे. गटारात ओतणारे, फरशीवर सांडू देणारे किंवा भट्टीत जाळायला विकणारे गॅरेज असेल, तर शंभर रुपये वाचले तरी तिथे जाऊ नये. आणि काढलेले ऑइल कुठे जाते, हे विचारायला संकोच करू नये. दोन लिटर ऑइल थोडे आधी बदलण्याचा भार पर्यावरणावर असतोच. पण झिजलेले इंजिन जास्त इंधन जाळते, ऑइल पिऊन निळा धूर सोडते आणि शेवटी नवे सुटे भाग मागते. त्या प्रत्येक भागामागे वितळवलेले लोखंड आणि वीज आहे, हे फौंड्रीत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

मग विजेवरच्या गाड्या आल्यावर ही सारी चर्चा संपेल का? आकुर्डीत जिथे कधीकाळी चेतक स्कूटर बनत होती, तिथेच आता विजेवरची चेतक बनते. बदल दाराशी आला आहे. त्या गाडीत इंजिन ऑइल नसते हे खरे. पण ब्रेक ऑइल विजेच्या मोटारीतही असते, आणि ते हवेतले पाणी शोषत राहते. डॉट ४ दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात सतत ब्रेक दाबताना त्याची वाफ झाली तर पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते, गाडी कितीही कमी चालली तरी. कूलंट, टायर, सस्पेन्शनचे रबर यांनाही काळाचे वय असते. शिवाय आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्या आणखी बरीच वर्षे चालणार आहेत, आणि त्यांतल्या अनेक सेकंडहँड बाजारातून कमी उत्पन्नाच्या घरांत जाणार आहेत. पहिल्या मालकाने वाचवलेल्या ऑइलची किंमत तिसऱ्या मालकाला इंजिनाचे काम काढून मोजावी लागते.

हे सगळे करायला लागणारी शिस्त बाहेरून आणावी लागत नाही. इथल्या कारखान्यांत टीपीएम, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेन्टेनन्स, ही पद्धत कामगारांच्या अंगवळणी पडली आहे. १९७१ च्या सुमारास जपानमध्ये निप्पॉनडेन्सो कंपनीत ती आकाराला आली. तिचा एक खांब आहे जिशु होझेन: जो यंत्र चालवतो त्यानेच त्याची रोजची निगा राखायची, मेन्टेनन्स विभागाच्या भरवशावर सोडायचे नाही. साफ करा, ऑइल द्या, तपासा, घट्ट करा, ही ‘क्लिट’ची चार कामे पाळी सुरू होताना तक्त्यावर टिक करून केली जातात. हीच चार कामे पाळीच्या आधी नव्हे, तर पंधरा दिवसांतून एकदा रविवारी सकाळी दारातल्या गाडीसाठी करायला दहा मिनिटे पुरतात. सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहावी. काही युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खपणे सामान्य मानले आहे. म्हणजे मधे एकदाही न पाहता १५,००० पर्यंत जाणे किती धोक्याचे आहे ते उघड आहे. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच मानकाचे ऑइल थोडे थोडे घालावे, वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नये. कूलंट, टायरमधली हवा, गाडीखाली पडलेला थेंब एवढे पाहावे. आणि चालू गाडीत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर गॅरेजपर्यंत नेण्याचा विचार न करता, जागा पाहून इंजिन तिथल्या तिथे बंद करावे; त्या काही मिनिटांत बेअरिंग जातात.

तासांचा हिशेबही तितकाच सोपा आहे. बहुतेक नव्या गाड्यांच्या पडद्यावर सरासरी वेग दिसतो. मागच्या सर्व्हिसिंगनंतरचे किलोमीटर त्या वेगाने भागले की तास मिळतात. पडदा नसेल तर आठवडाभर इंजिन सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहून ठेवावी आणि त्यावरून वर्षाचा अंदाज काढावा. मिश्र वापरात १०,००० किलोमीटरचे २५० ते ३०० तास होतात, तेव्हा ३०० तास हा मोटारीसाठी सावध होण्याचा आकडा धरावा. हा आकडा कोणत्याही कंपनीने दिलेला नाही, पुस्तिकेतल्या मुदतीवरून काढलेला आहे. पण ताशी २० च्या सरासरीने तो ६,००० किलोमीटरला भरतो आणि खडतर वापराच्या तक्त्याच्या जवळच जाऊन बसतो. पुस्तिकेतली किलोमीटरची आणि वर्षाची मुदत मात्र कधीच ओलांडू नये, विशेषतः वॉरंटीत. किलोमीटर, महिने आणि तास या तिघांत जे आधी भरेल ते पाळावे, आणि तिन्ही आकडे सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावेत.

चाकणचे रस्ते रुंद व्हायला हवेत, चौकांतली कोंडी सुटायला हवी, आणि त्यासाठी आवाज उठवत राहिले पाहिजे. पण रस्ता सुधारेपर्यंत गाडी त्याच रस्त्यावर चालणार आहे आणि तिच्या इंजिनाचे तास कुणी थांबवू शकत नाही. देशाच्या इंजिनांवर जगणाऱ्या या पट्ट्यातल्या माणसाने कंपनीतल्या मशिनला दिलेला न्याय स्वतःच्या गाडीलाही द्यावा. या रविवारी बॉनेट उघडा, डिपस्टिक पाहा, आणि मागच्या ऑइलनंतर इंजिन किती तास चालले ते लिहून काढा.